इक्सीच्या आधी नवऱ्याची गुणसूत्रं कोणी तपासली का?

मेधा_के (धागाकर्ती)

मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काम करते. रक्तातल्या पेशी वाढवायच्या, त्यांची गुणसूत्रं काचपट्टीवर आणायची, मोजायची, जोड्या लावायच्या, हे रोजचं काम. तिथे येणाऱ्या कागदपत्रांत एक गोष्ट इतक्या वेळा दिसते की शेवटी इथे लिहायला घेतलं.

मूल होत नाही म्हणून जोडपं उपचार घेत असतं. बायकोची फाईल जाडजूड. सोनोग्राफ्या, एएमएच (बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), थायरॉइड, नळ्या मोकळ्या आहेत का त्याचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी. नवऱ्याच्या नावावर एकच कागद, सिमेन रिपोर्ट. त्यावर काउंट (एका मिलिलिटर वीर्यातली शुक्राणूंची संख्या) वीस-तीस लाख लिहिलेला आणि पुढचा सल्ला थेट इक्सीचा, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडायच्या उपचाराचा. मधे काहीच नाही. नवऱ्याचं रक्त आमच्याकडे येतं ते उपचाराची एक फेरी (सायकल) वाया गेल्यावर किंवा राहिलेला गर्भ पडल्यावर. तोवर पैसा गेलेला असतो, आणि घरातल्यांनी सगळं खापर सुनेच्या माथी फोडून झालेलं असतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण घोळ इथेच होतो.

पहिली म्हणजे पुरुषाच्या अंगातल्या सगळ्याच पेशींत जन्मापासून असलेला गुणसूत्रांचा फरक. ४६ ऐवजी ४७, एक एक्स जास्तीचा, याला क्लाइनफेल्टर म्हणतात. साधारण पाचशे ते हजार मुलग्यांमागे एक असं याचं प्रमाण आहे आणि बहुतेकांना ते लग्न होऊन मूल होईना तोवर कळतही नाही. किंवा संख्या ४६ च, पण दोन गुणसूत्रांनी आपापसात तुकड्यांची अदलाबदल केलेली. किंवा दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन संख्या ४५ वर आलेली. या शेवटच्या दोन प्रकारांत माणूस स्वतः धडधाकट असतो, कारण मालमसाला सगळा जागेवर असतो, फक्त मांडणी वेगळी. अडचण येते ती पुढच्या पिढीला निम्मा वाटा द्यायची वेळ येते तेव्हा. हे सगळं रक्ताच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रं मोजून जोड्या लावायच्या तपासणीत, दिसतं.

दुसरी गोष्ट अशी की रक्तात सगळं ठीक असूनही शुक्राणू तयार होताना अर्धसूत्री विभाजनात (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात) चूक होते आणि एखाद्या शुक्राणूत २३ ऐवजी २४ किंवा २२ गुणसूत्रं जातात. हे प्रत्येक पुरुषात होतं, चार मुलांच्या बापातही. रक्ताच्या तपासणीत हे दिसत नाही.

शुक्राणूची गुणसूत्रं बघणं फार काळ जमत नव्हतं. त्याच्या डोक्यात डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की वेगवेगळी गुणसूत्रं दिसणं शक्यच नाही. तो बीजांडात शिरला की मगच ती गाठ सुटते. म्हणून हवाई विद्यापीठात यानागिमाचींच्या प्रयोगशाळेत हॅमस्टरच्या बीजांडाचं बाहेरचं कवच काढून त्यात मानवी शुक्राणू शिरू दिला, आणि १९७८ साली रुडाक, जेकब्स आणि यानागिमाची यांनी त्या पद्धतीने मानवी शुक्राणूची गुणसूत्रं पहिल्यांदा थेट पाहिली. त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली आणि ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून भारतातली पहिली, दुर्गा. पुढे कॅनडात कॅल्गरीच्या रेनी मार्टिन यांनी १९८३ मध्ये ३३ निरोगी पुरुषांच्या १००० शुक्राणूंचा हिशेब मांडला. शंभरात साडेआठच्या आसपास शुक्राणूंत काही ना काही दोष निघाला, संख्येचा तरी किंवा तुटलेल्या-जोडलेल्या तुकड्यांचा तरी. हे निरोगी पुरुष होते, हे लक्षात घ्या.

नव्वदच्या दशकात फिश नावाची पद्धत आली. यात ठरावीक गुणसूत्रांना चमकणारे रंगीत ठिपके चिकटवतात आणि एकेका पुरुषाचे हजारो शुक्राणू मोजतात. एका शुक्राणूत एकाच रंगाचे दोन ठिपके म्हणजे ते गुणसूत्र जास्तीचं. यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक्स-वाय ही जोडी आणि २१, २२ ही लहान गुणसूत्रं इतरांपेक्षा जास्त चुकतात. आणि ज्यांचा काउंट फार कमी आहे किंवा वृषणात निर्मितीच मंदावली आहे, त्यांच्यात चुकांचं प्रमाण निरोगी पुरुषांच्या काही पट असतं. तरीही त्यांचेसुद्धा बहुतांश शुक्राणू नॉर्मलच असतात, हे वाक्य पुन्हा वाचा.

एक्स आणि वायच का चुकतात? विभाजनाआधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांशी गुंतावी लागतात. बाकीच्या जोड्यांना गुंतायला अख्खी लांबी मिळते. एक्स आणि वाय यांना मिळतो टोकाचा एक लहानसा पट्टा. तिथली एक गाठ बसली नाही की दोघं एकाच बाजूला जाऊ शकतात. क्लाइनफेल्टरमध्ये निम्म्याच्या आसपास वेळा जास्तीचा एक्स वडिलांकडूनच आलेला असतो. मुलीत एकच एक्स असण्याचा टर्नर प्रकार घ्या, तिथे हरवलेलं गुणसूत्र चारांतल्या तीन वेळा वडिलांच्या बाजूचं असतं. डाउन सिंड्रोमचं उलट आहे, तिथे वडिलांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत.

आता आकडे. जन्मणाऱ्या मुलांत शंभरात एकापेक्षाही कमी जणांत गुणसूत्रांचा दोष सापडतो. काउंट ५० लाखांच्या खाली असलेल्या पुरुषांत शंभरात पाचेक, आणि ज्यांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत त्यांच्यात दहा ते पंधरा. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की काउंट ५० लाखांच्या खाली असेल तर इक्सीचे पैसे भरण्याआधी नवऱ्याचा कॅरिओटाइप आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा बारीकसा भाग गेलाय का ते बघणारी) या दोन तपासण्या मागून घ्या. डॉक्टरांनी नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

कोणाला अनुभव असेल तर लिहा, प्रश्न असतील तर विचारा.

सातारकर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. मेधाताई, एक शंका. लाखो शुक्राणूंची शर्यत असते आणि त्यात जोमदार तोच जिंकतो, असं शाळेपासून ऐकत आलोय. मग दोष असलेले आपोआप मागे पडत असतील ना? इक्सीत ती शर्यतच नाही, म्हणून धोका वाढतो का?

मेधा_के

सातारकर, हा समज फार पसरलेला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

शुक्राणूची शेपटी, त्याचा वेग, डोक्याचा आकार हे सगळं घडतं ते त्याच्या स्वतःच्या २३ गुणसूत्रांच्या हुकमावर नाही. तयार होत असताना शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना बारीक पुलांनी जोडलेल्या असतात आणि आतला पेशीरस सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळे ज्याच्या वाट्याला एक गुणसूत्र जास्त आलंय तोही शेजाऱ्यांच्या शिदोरीवर व्यवस्थित घडतो. २१ नंबरचं गुणसूत्र दोनदा घेऊन निघालेला शुक्राणू उत्तम पोहतो. शर्यतीत तो मागे पडत नाही.

म्हणजे इक्सीत सुई टोचल्यामुळे दोष तयार होतो असं नाही. इक्सी ज्या पुरुषांसाठी केली जाते त्यांच्यात मुळातच असे शुक्राणू थोडे जास्त असतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातच फरक असतो. ज्या पुरुषाला नैसर्गिकरीत्या मूल झालंच नसतं, त्याचं गुणसूत्र इक्सीमुळे पुढच्या पिढीत जातं. आपल्याकडे परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ऑगस्ट १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा ही पद्धत मुख्यतः नळ्या बंद असलेल्या बायकांसाठी होती. काउंट अगदी कमी असलेल्यांना फारसा मार्ग नव्हता. १९९२ साली ब्रसेल्सहून पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी इक्सीतून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या आणि दार उघडलं.

त्याच ब्रसेल्सच्या गटाने २००२ मध्ये इक्सीने राहिलेल्या गर्भांच्या १५८६ कॅरिओटाइपचा अभ्यास छापला. शंभरात तीन गर्भांत फरक निघाला. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त नव्याने उद्भवलेले, बाकीचे आईवडिलांकडून आलेले, आणि त्यातही बहुतेक वडिलांकडून. दुसऱ्या बाजूने पाहा, शंभरातले सत्त्याण्णव नॉर्मल होते. घाबरून जावं असं हे नाही. पण माहीत असायला हवं.

प्रयोगशाळेतून

मी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शुक्राणू, बीजांडं आणि गर्भ हाताळतो. मेधाताईंच्या मुद्द्याला आमच्या बाजूने पुष्टी देतो.

इक्सी करताना बीजांडाभोवतालच्या पेशी आधी विकराने (एन्झाइमने) सोडवून घेतो. मग शुक्राणूंना एका चिकट द्रवात सोडतो म्हणजे ते संथ होतात. बरा दिसणारा एक निवडायचा, पिपेटने त्याच्या शेपटीवर दाब देऊन तो निश्चल करायचा आणि शेपटीकडून आत ओढून घ्यायचा. बीजांड डावीकडून दुसऱ्या पिपेटने धरलेलं असतं. त्याचा लहान ध्रुवीय पिंड (बीजांड पिकताना कडेला बाहेर पडणारी बारीक पेशी) घड्याळाच्या बाराच्या किंवा सहाच्या जागी आणायचा आणि सुई तीनच्या जागेतून आत घालायची, म्हणजे बीजांडाच्या गुणसूत्रांना धक्का लागत नाही. बीजांडाचं आवरण सुईपुढे आत आत ओढलं जातं आणि मग एकदम सुटतं. हात बसायला महिने लागतात.

या सगळ्यात मला दिसतं काय? डोकं अंडाकृती आहे, मान सरळ आहे, शेपटी हलते आहे. बस. आत २३ गुणसूत्रं आहेत की २४, हे चारशे पटीत दिसत नाही आणि सहा हजार पटीतही दिसत नाही. अपवाद एकच सांगण्यासारखा. काही पुरुषांचे जवळजवळ सगळे शुक्राणू अवाढव्य डोक्याचे आणि अनेक शेपट्यांचे असतात. त्यांच्यात एका जनुकाच्या दोषामुळे विभाजनच पुरं होत नाही आणि गुणसूत्रांचे जादा संच आत राहतात. तिथे इक्सी करूच नये. उत्तर आफ्रिकेतल्या कुटुंबांत हे जास्त आढळलं आहे.

पेशंट हात धरून विचारतात, 'सर, चांगला शुक्राणू निवडाल ना?' मी निवडतोच. पण गुणसूत्रं बघून निवडल्याचं आश्वासन मला देता येत नाही, आणि कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

रानजाई

मी इथे नेहमी पाककृतींच्या धाग्यांवर असते. या विषयावर पहिल्यांदाच लिहितेय.

लग्नानंतर माझे पाठोपाठ गर्भपात झाले. प्रत्येक वेळी आठव्या-नवव्या आठवड्यात ठोके थांबलेले. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या बहिणी यायच्या आणि माझ्या पोटाची उष्णता, माझा जागरणाचा जॉब, माझं गाडी चालवणं, सगळ्यावर बोलून जायच्या. माझ्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. नवऱ्याचा काउंट थोडा कमी होता, पण इक्सीची वेळ नव्हती, म्हणून त्याला कोणी काही विचारलंच नाही. शेवटी दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त पाठवलं. माझं नॉर्मल. त्याचं ४५. तेरा आणि चौदा नंबरची गुणसूत्रं जोडलेली.

रिपोर्ट हातात मिळाला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने फक्त 'ॲबनॉर्मल आहे' एवढंच सांगितलं. नवरा त्या रात्री जेवला नाही. त्याला वाटलं आपण अपंग आहोत. पुढे समुपदेशक मॅडमनी कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी चित्र काढून दाखवलं तेव्हा कुठे त्याच्या डोक्यातलं वादळ शांत झालं. मग मोठ्या दिरांची आणि सासऱ्यांचीही तपासणी झाली. सासऱ्यांतही तेच निघालं, आणि त्यांना तीन मुलं आहेत! त्या दिवसापासून मावशांची तोंडं बंद झाली.

आम्ही पुढे काय केलं ते खाजगी ठेवते. एवढंच सांगते की घरात आता चिमुकली आहे, तिच्यातही वडिलांसारखीच ४५ आहेत आणि ती उत्तम आहे. मोठी झाल्यावर तिला सांगायचं हे आम्ही ठरवलं आहे.

मेधा_के

रानजाई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तेरा-चौदाची जोडणी हा या गटातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे, साधारण तेराशे माणसांत एक. म्हणजे या संस्थळावरच्या वाचकांतही काही जण नक्की असतील.

इतरांसाठी थोडं. अशा पुरुषाच्या शुक्राणूंत बहुसंख्य संतुलित, म्हणजे मालमसाला कमी-जास्त नसलेले, असतात. असंतुलित शुक्राणूंचं प्रमाण बहुतेक वेळा शंभरात दहा ते वीसच्या घरात निघतं. पण दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चार गुणसूत्रं एकमेकांत अडकून क्रॉससारखी आकृती होते आणि ती सुटताना निम्म्याच्या आसपास शुक्राणू असंतुलित होतात, कोणात पाचवा हिस्सा तर कोणात तीन चतुर्थांश. तुकडे कुठे तुटलेत त्यावर ते ठरतं. अशा जोडणीला किंवा अदलाबदलीला रिपोर्टमध्ये ट्रान्सलोकेशन म्हणतात. म्हणून 'ट्रान्सलोकेशन आहे' एवढ्यावर थांबू नका, कोणती गुणसूत्रं आणि कुठे, हे समुपदेशकाकडून समजून घ्या.

आई की वडील यानेही फरक पडतो. १४ आणि २१ यांची जोडणी आईत असेल तर डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता शंभरात दहा ते पंधरा असते. तीच वडिलांत असेल तर शंभरात एक-दोनच्याही आत. आणि २१ ला २१ च जोडलेलं असेल, तर मात्र आई असो वा वडील, निरोगी बाळाची आशा स्वतःच्या बीजातून ठेवता येत नाही. असा रिपोर्ट आधी हातात असता तर त्या जोडप्याने वेगळा निर्णय घेतला असता, असं वाटायला लावणाऱ्या फायली मी पाहिल्या आहेत. म्हणून जीव तुटतो.

कृष्णाकाठ

माहिती चांगली आहे, पण स्पष्ट बोलतो. निसर्ग नको म्हणतोय तर एवढी ओढाताण कशाला? दोष पुढे ढकलण्यापेक्षा दत्तक घ्यावं. अनाथ मुलं कमी आहेत का देशात?

रानजाई

कृष्णाकाठ, दत्तक घेणं फार चांगलं आहे, आमच्या नात्यात घेतलेलं आहे. पण ते ज्याला मनापासून हवं त्याने घ्यावं. मूल न होण्याची शिक्षा म्हणून कोणाच्या गळ्यात ते बांधू नका, त्या मुलाच्या दृष्टीनेही ते बरं नाही. आणि माझ्या लेकीत 'दोष' नाही. तिची गुणसूत्रं वेगळी मांडलेली आहेत, एवढंच.

सातारकर

रानजाईताईंना +१.

निनाद_टोरंटो

आम्हाला इथे क्लिनिकने शुक्राणूंची डीएनए फ्रॅगमेंटेशन तपासणी करायला सांगितली आणि रिपोर्ट 'हाय' आला. त्याच्या बरोबरीने फिशही सुचवली आहे. दोन्ही एकच का? माझं वय चाळिशीच्या पुढे आहे, त्याचाही संबंध असेल का? आणि फिश करून चांगले शुक्राणू वेगळे काढून वापरता येतात का?

मेधा_के

निनाद, एकेक घेते.

फ्रॅगमेंटेशन म्हणजे डीएनएच्या धाग्याचे पडलेले तुकडे. धूम्रपान, ताप, संसर्ग, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं), फार दिवसांचा साठा अशा कारणांनी ते वाढतं आणि काही कारणं दूर करता येतात. गुणसूत्रांची संख्या चुकणं ही वेगळी गोष्ट, ती विभाजनाच्या वेळीच ठरते. एक रिपोर्ट वाईट म्हणून दुसरा वाईटच असेल असं धरू नका.

फिशसाठी शुक्राणूचं डोकं रसायनांनी फुगवावं लागतं, डीएनएचे दोन धागे सुटे करावे लागतात. तपासलेला शुक्राणू मेलेला असतो. त्यामुळे जो तपासला तो वापरता येत नाही, आणि जो वापरला तो तपासलेला नसतो. फिशचा रिपोर्ट म्हणजे तुमच्या एकूण शुक्राणूंतलं प्रमाण. बहुधा १३, १८, २१, एक्स आणि वाय एवढीच गुणसूत्रं बघतात. ज्याच्यात ट्रान्सलोकेशन आहे, किंवा वारंवार गर्भपात होऊन दोघांचे कॅरिओटाइप नॉर्मल आहेत, किंवा इक्सी सतत फसते आहे, तिथे या आकड्याचा समुपदेशनात उपयोग होतो. सरसकट सगळ्यांना करायला सांगणं मला पटत नाही. रक्ताचा कॅरिओटाइप झाला नसेल तर आधी तो करा. तो आयुष्यात एकदाच करायचा असतो.

वयाबद्दल. बाईची बीजांडं ती जन्मण्याआधीच विभाजनाच्या मध्यावर थांबलेली असतात आणि दशकानुदशकं तशीच राहतात, म्हणून पस्तिशीनंतर तिच्या बाजूच्या चुका झपाट्याने वाढतात. पुरुषात शुक्राणू सतत नवे बनतात, एका फेरीला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे गुणसूत्रांच्या संख्येवर बापाच्या वयाचा परिणाम आईच्या वयाइतका ठळक नाही. मात्र जनुकांतल्या बारीक नव्या बदलांवर तो नक्की आहे. आइसलँडमध्ये २०१२ साली झालेल्या अभ्यासात बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात सुमारे दोन नवे बदल वाढलेले दिसले. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात.

गोदातीर

आमच्या भाच्याला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) निघालाय, वय २४. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार. मुलांबद्दल आत्ता बोलणं बरं दिसेल का?

प्रयोगशाळेतून

गोदातीर, आत्ताच बोला, आजच. पहिल्या डोसच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं असतं. त्याला एक-दोन भेटी पुरतात आणि उपचाराला उशीर होत नाही. केमोनंतर काउंट परत आला तरी गुणसूत्रं चुकलेल्या शुक्राणूंचं प्रमाण काही काळ वाढलेलं असतं, म्हणून त्यानंतर साधारण दोन वर्षं तरी मूल होऊ देऊ नका असं सांगतात. गोठवलेलं असेल तर ही चिंता राहत नाही. मुलगा संकोचेल. घरातल्या एखाद्या पुरुषाने, मामाने किंवा मोठ्या भावाने, बाजूला घेऊन बोललं तर सोपं जातं.

गोदातीर

धन्यवाद. मी स्वतःच बोलतो त्याच्याशी. उद्या डॉक्टरांनाही फोन करतो.

ॲड_नीता

कायद्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

गर्भ गर्भाशयात ठेवण्याआधी त्याची गुणसूत्रं तपासणं, म्हणजे पीजीटी, भारतात बेकायदा नाही. पण ती फक्त नोंदणी असलेल्या केंद्रातच करता येते. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार ती ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक आजारांच्या तपासणीसाठीच आहे. लिंग कळवणं, लिंग बघून गर्भ निवडणं, किंवा वीर्यातले एक्स आणि वाय शुक्राणू वेगळे करून मुलगा मिळवून देणं, हा गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. गुणसूत्रांच्या तपासणीच्या निमित्ताने कोणी 'मुलगा हवा असेल तर तसंही बघू' म्हणालं तर तिथून उठा आणि तक्रार करा.

प्रयोगशाळेतून

नीताताईंच्या मुद्द्याला जोडून. पीजीटीसाठी पाचव्या दिवशीच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातून मोजक्या पेशी काढतो, त्यातून पुढे वार बनणार असते. वडिलांत ट्रान्सलोकेशन असेल तर असंतुलित गर्भ बाजूला ठेवता येतात आणि गर्भपातांचं दुष्टचक्र टळू शकतं. तिथे या तपासणीला खरा अर्थ आहे. मात्र पीजीटी केली तरी गर्भ राहिल्यावर गर्भजल तपासणीचा सल्ला टाळू नका, काढलेल्या पेशी आणि बाळ यांच्यात क्वचित तफावत असते.

तुंगभद्रा

नवऱ्याचा कॅरिओटाइप नॉर्मल आला, पण वाय मायक्रोडिलीशन निघालं, 'एझेडएफ-सी' असं लिहिलंय. वीर्यात शुक्राणू नाहीत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून मिळू शकतील. आणि मुलगा झाला तर त्यालाही हे होणार असंही म्हणतात. फार गोंधळ उडालाय. दात्याचं वीर्य घ्यावं का, असंही मनात येतं.

मेधा_के

तुंगभद्रा, तुमचा रिपोर्ट आधी समजून घेऊ. वाय गुणसूत्राच्या लांब बाहूवर शुक्राणू बनवायला लागणारी जनुकं तीन पट्ट्यांत आहेत, ए, बी आणि सी. हा भाग महत्त्वाचा आहे हे इटलीतल्या तिएपोलो आणि झुफार्दी यांनी १९७६ सालीच ओळखलं होतं. ए किंवा बी पट्टा पूर्ण गेला असेल तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, आणि ऑपरेशन न करणंच शहाणपणाचं. तुमच्या यजमानांचा सी पट्टा गेला आहे. यात साधारण निम्म्या पुरुषांत ऑपरेशनने शुक्राणू मिळतात. डॉक्टरांनी तुम्हाला खरं तेच सांगितलं आहे.

मुलगा झाला तर हाच वाय त्याला जाणार, कारण वडिलांकडे दुसरा वाय नसतो. त्याची तब्येत, बुद्धी, उंची यावर याचा परिणाम नाही. मोठेपणी त्याचाही काउंट कमी असेल आणि त्यालाही इक्सीची गरज पडू शकते. मुलगी झाली तर तिच्याकडे वाय जातच नाही. हे मान्य करून पुढे जायचं की नाही हा तुम्हा दोघांचा निर्णय आहे, त्यात चूक-बरोबर कोणी ठरवू नये. दात्याचा विचार मनात येणं यातही गैर काही नाही. फक्त घाईने, दुसऱ्यांच्या दबावाखाली तो घेऊ नका. यजमानांना बोलायला वेळ द्या.

प्रयोगशाळेतून

तुंगभद्राताई, ऑपरेशन ठरलंच तर सूक्ष्मदर्शकाखाली करणारे सर्जन शोधा. १९९९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगेल यांनी ही पद्धत मांडली. वृषणातल्या बारीक नळ्या मोठ्या करून बघतात. ज्या नळ्या जरा जाड, भरलेल्या आणि दुधाळ दिसतात तिथे निर्मिती चालू असण्याची शक्यता जास्त, तेवढाच भाग घेतात. क्लाइनफेल्टरच्या पुरुषांतही अशा रीतीने चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास शुक्राणू मिळतात, आणि त्यांना झालेली बहुतेक मुलं ४६ गुणसूत्रांचीच आहेत.

तुंगभद्रा

दोघांचेही आभार. ह्यांना धागा वाचायला दिला. संध्याकाळी बोलू म्हणाले. कित्येक दिवसांनी ते स्वतःहून म्हणाले.

मानसी_प

मेधाताई, आमचा काउंट तीस लाख आहे आणि इक्सीची तारीखही दिली आहे. धागा वाचून आम्ही आधी तपासणी करायची ठरवलं. उपाशीपोटी जायचं का? किती दिवसांत कळतं? औषधं चालू आहेत, ती थांबवायची का?

मेधा_के

मानसी, चांगला निर्णय घेतलात. उपाशी राहायची गरज नाही, औषधं थांबवायची नाहीत, आणि सिमेन तपासणीसारखं दिवसांचं पथ्यही नाही. दंडातून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. कॅरिओटाइपसाठी ते हिरव्या बुचाच्या हेपॅरिनच्या नळीतच घेतलं पाहिजे. वाय मायक्रोडिलीशनसाठी जांभळ्या बुचाची वेगळी नळी लागते. रक्त घेणाऱ्याने दोन्ही एकाच नळीत घेतलं तर तिथल्या तिथे सांगा, नाहीतर नमुना परत मागवावा लागतो. हिरवी नळी फ्रीझरमध्ये ठेवायची नाही, कारण आम्हाला पेशी जिवंत हव्यात.

त्या पेशी आम्ही तीन दिवस वाढवतो. मग औषध घालून विभाजनाच्या मधोमध थांबवतो, पातळ क्षारद्रावणात फुगवतो आणि थेंब काचपट्टीवर टाकतो. पेशी फुटतात, गुणसूत्रं पसरतात. रंगवल्यावर प्रत्येकावर आडवे काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांवरून एकेक ओळखून जोड्या लावतो. अशा साधारण वीस पेशी पाहतो, म्हणून रिपोर्टला दोन ते तीन आठवडे धरून चाला. गेल्या काही महिन्यांत यजमानांना रक्त चढवलं असेल तर फॉर्मवर लिहा. तुमचे गर्भपात झाले असतील तर तुमचंही रक्त त्याच वेळी द्या.

क्लिनिकला आजच फोन करून तारीख रिपोर्टनंतरची मागा. तुमची इंजेक्शनं अजून सुरू झाली नसतील तर तारीख पुढे ढकलण्यात नुकसान काही नाही. रिपोर्ट आला की त्यावरची ओळ जशीच्या तशी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, समुपदेशकाकडे जाताना काय काय विचारायचं ते लिहून देते.